थ्री-नॉट-थ्री आणि मिठाची गुळणी

...आणि वर मलाच म्हणतात, "चारू, तोंड बंद, हात चालू!" मला! तुम्हाला सांगतो, गेली पंचवीस वर्षं इथे कॅनडात, कोक्विटलामच्या मराठी मंडळात सूत्रसंचालन कोण करतं? मी! पाहुण्यांची ओळख पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब कोण करतं? अहो, तेही मीच! आणि या माणसाला माझ्याच बेसमेंटमधे, माझ्याच खुर्चीवर, तीन-तीन तास गप्प बसायला सांगायचं... अन्याय नाही तर काय हो हा?

सांगतो, नीट सांगतो. आमचे डॉक्टर राजन. वय एक्क्याऐंशी, मूळ नागपूरचे, एकाहत्तर साली इकडे आले आणि पार उत्तरेला, लाकूडतोड्यांच्या गावात हाडं जोडत बसले. तिथे एका पेशंटनं पाय वाचवला म्हणून यांना आपली रायफल दिली. थ्री-नॉट-थ्री! आपल्याकडे लोक सत्यनारायणाला श्रीफळ देतात, तिकडे बंदूक. पन्नास वर्षं डॉक्टर ती घेऊन रेंजवर जातायत. हरणाला वगैरे नाही हं, कागदाला! कागदावर नेम धरायचा, भोकं मोजायची, थर्मासमधला चहा प्यायचा आणि घरी यायचं. मलाही त्यांनीच नादी लावलं, कोर्स करायला लावला, लायसन्स काढायला लावलं.

तर झालं काय, यांचा मुलगा टोरांटोला. तो म्हणाला, "बाबा, आता एकटं राहणं पुरे, इकडे या." कॉन्डोमधे, म्हणजे आपल्या फ्लॅटमधे! तिथे कुठली रायफल आणि कुठली रेंज? म्हणजे ऑक्टोबरची क्लबची मॅच ही डॉक्टरांची शेवटची. आणि नेमकी दुकानात काडतुसं नाहीत. सहा महिने नाहीत! दुकानदार म्हणतो, "मे बी नेक्स्ट वीक." हे "मे बी नेक्स्ट वीक" म्हणजे आपल्या शिंप्याचं "उद्या देतो". डॉक्टर म्हणाले, "हट्! चाळीस वर्षं घरीच भरली बे मी काडतुसं. पण आता हे बघ..." आणि हात पुढे केला. थरथरत होता. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी भरतो की!"

हे तोंड, हो! हेच तोंड!

दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं सामान माझ्या बेसमेंटमधे. तो लोखंडी प्रेस, तराजू, डबे, आणि पेन्सिलीच्या नोंदींनी रंगवलेलं जाडजूड पुस्तक. आमची सौ. शीला जिन्यात उभी. "हे माझ्या डिशवॉशरमधे येणार नाही. माझ्या मिक्सरला लागणार नाही. हात धुतल्याशिवाय माझ्या फ्रिजला शिवायचं नाही." आमची लेक केया वरून ओरडली, "बाबा, सीरियसली? प्लीज डोन्ट ब्लो अप द हाउस!" म्हटलं, अगं तुझा बाप मेकॅनिकल इंजिनियर आहे!

हा मेकॅनिकल इंजिनियर पहिल्याच पुंगळीला आडवा झाला, तुम्हाला सांगतो. वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी असते ना, ती डागण्यानं फुगलेली असते, ती प्रेसमधे दाबून पुन्हा मापात आणायची. आधी तिला जरासं वंगण लावायचं. मी लावलं, पण कसं लावलं? पुणेरी! चहात साखर घालावी तसं, असून नसल्यासारखं. अडकली की हो आत! वर होईना, खाली होईना. मी दांड्याला लोंबकळलो तर टेबलच उचललं गेलं! शेवटी ड्रिल, स्क्रू, पाना... दीड दिवस लागला ती काढायला. आणि मी आपला सांगतोय, "काय आहे ना डॉक्टर, यात घर्षणाचा गुणांक..." तर डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "काऊन रे, गुणांक काढून पुंगळी निघते का? तोंड बंद, हात चालू!"

मग मात्र जमलं. पुंगळ्या पुसल्या, मापात आणल्या, प्रत्येकीच्या बुडाला नवी टिकली बसवली. टिकली म्हणजे आपल्या दिवाळीच्या टिकल्यांसारखीच, ठोकलं की पेटते ती. आता राहिली दारू. बंदुकीची हो! ती तोलायची, पुंगळीत घालायची, वर गोळी दाबून बसवायची. डॉक्टरांनी सतरांदा बजावलेलं, या वेळी फोन नाही, टीव्ही नाही, गप्पा नाहीत. एका वेळी एक पुंगळी, आणि डोळ्यांनी आत बघूनच पुढे जायचं.

गुरुवार दुपार. मॅच शनिवारी. डॉक्टर म्हणाले, "वॉशरूमला जाऊन येतो, तोवर हात लावू नको." मी कशाला ऐकतोय? माझा हात छान बसला होता! आणि तेवढ्यात फोन. मंडळाच्या सुनंदाताई. म्हटलं, स्पीकरवर टाकू, हात तर मोकळेच आहेत.

"चारुदत्त, काय चाललंय?"

"काही नाही हो ताई, बेसमेंटमधे आहे. टिकल्या लावून झाल्या, आता दारू भरतोय."

"...शीला कुठाय?"

"कामावर. डॉक्टर आहेत ना सोबतीला. त्यांचे हात थरथरतात, म्हणून मीच भरून देतो."

त्यांनी फोन ठेवला. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मी आपला बोलण्याच्या भरात भरतोय, दाबतोय, भरतोय, दाबतोय... डॉक्टर जिना उतरले, टेबलाकडे बघितलं, फोनकडे बघितलं. म्हणाले, "बोलत होतास?"

"दोनच मिनिटं..."

"किती भरली तेवढ्यात?"

आता हे मला सांगता येईना. दहा? बारा? त्यांनी सगळी चाळीस काडतुसं माझ्यासमोर सरकवली. "उघड."

तुम्हाला सांगतो, भरलेलं काडतूस उघडायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या पोकळ हातोड्यात ते अडकवायचं आणि ठोकायचं, म्हणजे गोळी आणि दारू बाहेर पडते. चाळीस वेळा! ठक, ठक, ठक. मनातल्या मनात म्हणतोय, म्हातारा उगाच छळतोय. आणि एकतिसावं उघडलं... तर गोळी पडली आणि मागून काहीच नाही. दारूचा कण नाही. रिकामं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे डागलं असतं तर टिकलीच्या धक्क्यानं गोळी नळीत जाऊन अडकली असती. आणि मला कळलं नसतं, मी दुसरं मारलं असतं त्याच्या मागून..." अशानं नळीच फुटते हो! त्यांनी गालावर हात ठेवला. रायफल धरताना गाल तिथेच टेकतो हो, अगदी तिथेच. मी फोन बंद केला आणि उरलेली नऊ उघडायला घेतली.

तेवढ्यात वरून दार आपटलं आणि सुनंदाताई खाली! मागून, ताईंचा फोन गेला म्हणून कामावरून धावत आलेली शीला. ताईंचे डोळे भरलेले. "चारुदत्त, आपल्यात बोलून मार्ग निघतो रे! दुपारची दारू? आणि टिकल्या लावून?" शीला हसता हसता जिन्यातच बसली. टेबल दाखवलं, डबा दाखवला, तेव्हा ताईंनी छातीवर हात ठेवला. "अगंबाई, बंदुकीची होय! मग ठीक आहे." ठीक आहे? स्फोटक चालतं, बिअर चालत नाही!

शुक्रवारी पुन्हा श्रीगणेशा. डॉक्टर म्हणाले, "याचं तोंड कसं बंद ठेवू गं, शीला?" ती वर गेली आणि कोमट मिठाचं पाणी घेऊन आली. "मिठाची गुळणी धरून बसणं नुसतं ऐकलंय ना? धर आता." खरोखरची, अहो! गाल फुगवून मी भरतोय, डॉक्टर विजेरीनं एकेका पुंगळीत डोकावतायत, मान हलवली की मी गोळी बसवतोय. तोंड बंद, हात चालू! चाळीसच्या चाळीस. शेवटी थुंकलो तेव्हा जीभ लोणच्यासारखी झाली होती.

शनिवारी रेंजवर पाऊस. डॉक्टर बाकावर बसले, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. पहिलं काडतूस आत गेलं आणि मी मनात मारुतिस्तोत्र सुरू केलं. धाड! मी आधी डॉक्टरांचा गाल बघितला, मग कागद. गाल जागच्या जागी. दहाच्या दहा गोळ्या सुटल्या. नंबर आला चौथा, सात जणांत. डॉक्टरांनी कागदाची घडी करून ती कोटात ठेवली आणि माझ्या खांद्यावर तो थरथरता हात ठेवून म्हणाले, "बरी भरली बे." काय सांगू तुम्हाला... मंडळाचा जीवनगौरव मिळाला असता तरी इतकं बरं वाटलं नसतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण डॉक्टर शीलाला म्हणाले, "बस, मारून बघ, मी आहे शेजारी." शीलानं पाच मारल्या. पाचही एका पुरीएवढ्या जागेत! डॉक्टर उभेच राहिले. संध्याकाळी मुलाला फोन, "यंदा नाही येत मी. हिला शिकवायचंय."

आता शीलाचा कोर्स झाला, लायसन्स आलं, प्रेस तिचा, तराजू तिचा. दोघं तासन् तास खाली बसतात, एक अक्षर न बोलता, आणि त्यांचं उत्तम चालतं. मी? मी रेंजवर ओल्या गवतात वाकून वाकून पुंगळ्या वेचतो. परवा म्हटलं, डॉक्टर, कंबर गेली हो माझी. तर तपासलीसुद्धा नाही. म्हणाले, "शीलाला विचार, अजून दोन पुंगळ्या कमी आहेत म्हणते ती."