किटलीला हात लावायचा नाही!

...नाही नाही, हसू नका! तुम्हाला सांगतो, शंभर दिवस आमच्या घरात किटलीला हात लावायची बंदी होती आणि ती बंदी मीच घातली होती, कारण मला किटलीचं चित्र काढायचं होतं, आणि माझं म्हणणं एकच... करायचं तर नीट करायचं! चुकलं का माझं? अहो, छत्तीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो मी! बोल्ट केसभर वाकडा दिसला की परत! रिटायर झालो, म्हटलं चित्रकला शिकू, तर बायको म्हणाली, "मीही येते, घरी एकटी बसून काय करू?" बरं, ये.

पहिल्याच दिवशी क्लासच्या बाईंनी आम्हा दोघांना पाठकोऱ्या कागदांचा एकेक गठ्ठा दिला. "रोज एक चित्र. खाली तारीख घालायची. खोडायचं नाही. वाईट आलं तरी ठेवून द्यायचं. शंभर दिवसांनी प्रदर्शन." वाईट आलं तरी ठेवून द्यायचं? कारखान्यात असं केलं असतं ना मी...! गठ्ठा टाकला माळ्यावर, एक जाड, पांढराशुभ्र कागद आणला आणि व्याह्यांपासून शेजारच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना सांगून बसलो, प्रदर्शनात माझी किटली बघायला यायचं हं!

किटली टेबलावर ठेवली, बुडाभोवती खडूनं गोल आखला, कुणी हलवली तर कळायला नको? तोटीची लांबी, झाकणाचा घेर, सगळं मोजून वहीत लिहिलं. मग रेघ मारायची, भिंगातून बघायची, खोडायची. पुन्हा मारायची, पुन्हा खोडायची. चोवीस दिवस नुसती तोटी! आणि इकडे बायको? पातेल्यात चहा टाकायची आणि तो उकळेपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या काहीतरी खरडायची. एकदा डोकावलो... तुम्हाला सांगतो, उशीला चष्मा लावलेला!

"अगं, हे काय?"

"आजचं."

"पण वाईट आहे!"

"हो, आहे ना," म्हणाली आणि तारीख घालून मोकळी! वर मलाच, "अहो, चहा घ्या, गार होतोय." आता अशा माणसाला काय सांगणार, की करायचं तर नीट करायचं!

नव्व्याण्णवावा दिवस. किटली झाली होती हो! फक्त तोटीच्या टोकाशी एक रेघ जाड वाटली. केसभर. केसभरच! खोडली. पुन्हा जाड आली. पुन्हा खोडली... आणि तोटीतून मला खालचं टेबल दिसलं! भोक! कागदाला भोक!

खरं सांगतो, रडू आलं मला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं परत पाठवलं, जन्मात एक वस्तू स्वतःच्या हातानं करायला घेतली, आणि तीही... आणि सगळ्या गावाला बोलावून ठेवलेलं!

प्रदर्शनात बायकोचे शंभर कागद, भिंतभर, ओळीनं. व्याही पहिल्यापाशी थांबले, "ही उशी का?" पन्नासाव्यापाशी, "हे कुणीतरी ओळखीचं वाटतंय..." आणि शंभराव्यापाशी कंपाउंडर ओरडलाच, "अहो, हे तर आपले काका!"

मीच होतो! वाकलेली मान, नाकावर घसरलेला चष्मा, हातात रबर, कपाळावर आठी. मी खिशातून भिंग काढलं, बघू, चूक मिळतेच! एक कान जरा मोठा होता... पण तो माझा आहेच हो मोठा!

"अगं, पण रोज मीच का?"

"घरात न हलणाऱ्या वस्तू दोनच," ती म्हणाली, "त्यातली किटली तुम्ही अडवलेली."

आता माळ्यावरचा गठ्ठा काढलाय. मीही ओट्यापाशी उभा राहतो, चहा उकळेपर्यंत. म्हणणं माझं अजून तेच आहे, करायचं तर नीट... पण चहा थांबतोय कुठे! आज बारावं चित्र झालं. बायकोनं बघितलं, इतकी खूश झाली, "अय्या, बदक काय मस्त जमलंय!"

बदक? अहो, किटली होती ती! अगदी जिभेवर आलं होतं माझ्या... पण तिचा चेहरा बघितला, आणि खोडायचं तर नाहीच आहे. मग काय, खाली तारीख घातली, सही केली, आणि नीट, सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं... 'बदक'.