मी परत टाकलेला बॉल

आता पुरावा कुठून आणू मी? बावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या झेलाचा पुरावा कोणी खिशात घेऊन फिरतं का? हाताची सूज उतरली, फोटो कोणी काढला नाही, आणि बॉल तर मीच... थांबा, येतो त्यावर, घाई करू नका. पण तुम्हाला सांगतो, मी तिथे होतो!

आमचा मित्र विक्रांत म्हणतो, "शैल्या, मागे म्हणालास कांगारूने तुझा डबा पळवला. त्याआधी म्हणालास पोर्ट केंब्लाला व्हेल माशाने तुला हाक मारली. आता हे?" अहो, मारली होती हाक! म्हणजे, नावाने नव्हे... पण किनाऱ्यावर दुसरं कोणीच नव्हतं, मग कोणाला मारली? डबा मीच विसरलो होतो, ते कबूल. पण चार थापा मारल्या म्हणून माणसाच्या आयुष्यात एकही खरी गोष्ट घडू नये?

बायकोला सांगावं, तर सुचित्रा पर्थला. दोन वर्षांसाठी गेली होती नोकरीला, आता पाचवं चालू आहे. भांडण नाही हो, बढती आहे! फोनवर विषय काढला की म्हणते, "अरे, पुन्हा तो अमेरिकन? बरं, जेवलास का?" मुलगी निहारिका मेलबर्नच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत. ती म्हणते, "डॅड, यू टोल्ड मी." पण बिलीव्ह केलंस का, बाई? तर फोन चार्जिंगला लावायचा असतो तिला. राहिलात कोण? तुम्ही!

तर साल दोन हजार तीन. मला वॉलॉंगॉंगला शिकायला येऊन एकोणीस दिवस झालेले. एकोणीस दिवसांत माझ्याशी कोण काय बोललं, पाठ आहे मला. बस ड्रायव्हर, "नो वरीज." दुकानातली बाई, "नेक्स्ट!" संपलं. मी खोलीत स्वतःशी मोठ्याने बोलायचो, घसा गंजू नये म्हणून. एका रविवारी दुपारी असाच चालत सुटलो, तर एका ग्राउंडवरून हा आरडाओरडा! आपल्याला काय वाटणार? क्रिकेट! धावतच गेलो. बघतो तर स्टंप नाहीत, बॅट म्हणजे मुसळ, आणि फटका मारून गडी बॅट तिथेच टाकून पळतोय. म्हटलं, अरे, उचल ना ती, कोणी नेली तर?

लाउडस्पीकरवर नाव ओरडत होते, "बक हॉलिंडर! बक हॉलिंडर!" अमेरिकेतला केवढा तरी मोठा बेसबॉलवाला, सुट्टीवर आलेला, क्लबने गळ घातली म्हणून एका दुपारपुरता या टीचभर ग्राउंडवर उतरलेला. माणसं कुंपणाला लटकलेली. माझ्या शेजारी हिरव्या टोपीतला एक जण, त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि त्या बकने मारला हो! बॉल असा वर गेला, असा वर गेला, की खाली येईपर्यंत मी आईला एक अख्खं पत्र मनात लिहून काढलं. आला तो थेट माझ्या डोक्यावर, उन्हात दिसेना, सगळे बाजूला पळाले, मी मात्र हात पुढे केले आणि... फाट्! धरला! नुसत्या हातांनी! तुम्हाला सांगतो, मी तिथे होतो, माझे तळवे तिथे होते, आठवडाभर पेन धरता आला नाही मला!

आणि मग मी काय केलं? परत टाकला.

हसू नका! आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बॉल ज्याच्या हाती येईल त्याने परत टाकायचा. ठेवून घ्यायचे ते फक्त तळमजल्यावरचे आपटेकाका, आणि मला आपटेकाका व्हायचं नव्हतं! बेसबॉलमध्ये असा बॉल घरी नेतात, काचेत ठेवतात, नातवंडांना दाखवतात, हे मला कोण सांगणार? नेक्स्टवाली? अख्खं कुंपण ओरडलं, "नोऽऽऽ!" मला वाटलं कौतुक करताहेत, मी हात हलवला.

पण बक हॉलिंडर थांबला. पळता पळता थांबला, टोपी काढली, माझ्याकडे बोट केलं आणि ओरडला, "गुड हँड्स, सन!"

सन, म्हणजे पोरा, म्हणाला हो मला. विसाव्या दिवशी.

आता मागच्या महिन्यात क्लबने फेसबुकवर टाकलं, त्या दिवशी जे हजर होते त्यांनी रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, यावं, फलक लावायचाय. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो! गाडीत भाषण घोकलं. आत जाऊन बघतो तर काचेच्या पेटीत बॉल, माझा बॉल! आणि खाली चिठ्ठी: झेल घेणारा, टेरी.

टेरी कोण? कोपऱ्यात ऐंशीचे एक आजोबा, डोक्यावर विटलेली हिरवी टोपी! तेव्हा मॅच संपल्यावर सामान हेच आवरत होते म्हणे. कमिटीची जॅकी त्यांना समजावत होती, "टेरी, लव्ह, आज आलेल्यांत तू झेल घेताना पाहिलेलं कोणीच नाही. ही चिठ्ठी काढून टाकावी लागेल."

म्हटलं, शैल्या, हीच वेळ. पुढे झालो. तर ते माझा हात धरून म्हणतात, "तू होतास तिथे, मेट? त्याने टोपी काढली. मला म्हणाला, गुड हँड्स, सन."

माझं वाक्य! जसंच्या तसं! बावीस वर्षं जपून ठेवलेलं! माझा झेल शेजारून पाहिलेला, इतक्या वर्षांत सापडलेला एकमेव साक्षीदार समोर बसलाय, आणि माझा हात सोडत नाही. विचारलं, घरी कोण असतं? म्हणाले, "बायको होती, बेव्ह." होती.

जॅकी वळली, "मग, तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हटलं, "ह्यांनीच धरला. नुसत्या हातांनी. मी शेजारी होतो."

आता दर रविवारी टेरी चहा करतात आणि झेल सांगतात. मी मध्ये म्हणतो, "टेरी, ऊन डोळ्यांवर होतं ना?" ते म्हणतात, "येस मेट, भयंकर ऊन!" "आणि हात सुजले असतील?" "आठवडाभर, मेट!" काही म्हणा, माझा झेल इतकं मन लावून आजवर कोणी ऐकवला नव्हता.

चिठ्ठी नवीन लावलीय. झेल: टेरी. साक्षीदार: शैलेंद्र. तुम्हाला सांगतो, मी तिथे होतो, आता काचेत लिहिलंय! विक्रांतने स्वतः येऊन वाचलं, फोटो काढून सुचित्राला पाठवला. लगेच फोन आला तिचा, "अरे, म्हणजे तू खरंच होतास?"

आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला... आणि तो नेमका थापेवर!