स्पॅनिश तासातलं मराठी

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे स्टेशनवर एक बाक होतं, दोन मराठी बायका आणि मी. सून कांद्याच्या पॅकिंग शेडमधून सुटून आली होती. सासू तिला न्यायला आली होती.

"राजश्री, रेडिओवर नाव सांगणार नव्हतीस ना?"

"नाही सांगितलं, आई."

"मग मराठीत कशाला बोललीस? शेडमध्ये मराठी बाई तू एकटीच."

"ते बोलून झाल्यावर लक्षात आलं."

"आणि कार्यक्रम तर त्या चिलीच्या लोकांचा."

"कार्यक्रम चालवणारी मार्सेला म्हणाली, तास कामगारांच्या हक्कांचा आहे, आधी तुझ्या भाषेत बोल. मग मी मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, तिने त्याचं स्पॅनिश केलं."

"मी टेप करून ठेवलंय. दिवसभर उभं राहून घोटे सुजतात म्हणालीस. घरी कधी बोलली नाहीस."

"तुम्ही भारतात फोन करून सगळ्यांना सांगितलं असतंत."

"सांगितलंच असतं. पण कामावरून काढलं असतं तर?"

"दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मलाच शोधत आला. तर शेडमधल्या चिलीच्या सगळ्या बायका रेडिओ ऐकून आलेल्या, क्रेट उपडे घालून, त्यावर बसून कांदे निवडत होत्या. मग मीही एक क्रेट उपडा घातला."

"त्याच्यासमोर?"

"त्याच्यासमोर."

"काय म्हणाला?"

"'स्वीट ॲज' म्हणाला आणि परत गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे 'चालेल'. आज स्टुलं आली. बावीस."

"तुम्ही तर एकवीसजणी ना?"

"एकावर तो बसतो."