रिकामा लूप

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बापलेक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते.

"बाबा, सगळ्या एरर काढल्या, तरी माझा पास्कलचा प्रोग्रॅम अडकलाच आहे."

"'डू'च्या पुढे सेमिकोलन दिलायस बघ. लूपची ओळ तिथंच संपली. आत काहीच नाही, लूप नुसता रिकामा फिरतोय."

"किती वेळ फिरेल?"

"आपण बंद करेपर्यंत."

"आईचं श्वासाचं मशीनपण तसंच?"

"ओळीकडे लक्ष दे. सेमिकोलन काढ आधी."

"काढला. अय्या, चालला की! उत्तरपण आलं."

"शाब्बास."

"बाबा, डॉक्टर आलेत. आपलं काय ठरलं, विचारतायत."

"त्यांना म्हणावं, थांबा जरा. आम्ही अजून चूक शोधतोय."