पलटणीतला सोबती

मनुबाई : भाकरी पुढ्यात घिऊन नुसता बसलाईस. खा की, आकाराम. माज्या कृष्णातच्या पलटनीतला तू. त्येच्या पत्रात सारकं तुजंच नाव असायचं.

आकाराम : घशाखाली उतरत न्हाई, आई. आदी माजं ऐका. साताऱ्यास्नं तीनदा निघालो. दोनदा मिरजंच्या टेसनावरनंच माघारी फिरलो.

मनुबाई : भेटला का काय तुला त्यो? कुनाला सांगत न्हाई मी. पोलिसांनी धा येळा घर धुंडाळलं. तरी मी म्हनायची, पळाला तर पळाला, जित्ता तर हाय! आता लढाई सपून वरीस झालं. माफी मिळंल न्हवं त्येला?

आकाराम : त्यो पळाला न्हवता.

मनुबाई : सरकारी कागूद आलाय की. फरारी म्हून.

आकाराम : माज्या शब्दावर लिवलाय त्यो. बरमात वढ्याकाठच्या पोस्टवर आमी दोगंच हुतो. फायरिंग झाली. त्येच्या पोटात गोळी लागली. त्येनं माजा पाय धरला, म्हनला, आका, मला टाकून जाऊ नगं. मी पाय झिडकारला, आन् पळालो.

मनुबाई : तू पळालास?

आकाराम : व्हय. कप्तान साबनं इचारलं, कृष्णात किदर है? जखमी हाय म्हनलो असतो, तर मला म्हनला असता, मग टाकून कसा आलास? म्हून बोललो, भाग गया साब.

मनुबाई : मग कुनीतरी उचलला आसंल त्येला. दवाखान्यात न्हेला आसंल...

आकाराम : तिसऱ्या दिशी पोस्ट परत घेतली. झाडीत मी एकलाच गेलो. ह्या हातांनी माती लोटली त्येच्यावर.

मनुबाई : त्येचा बा ह्याच खोलीत मेला रं. पयल्या म्हायुद्दात बसऱ्याला लढल्याला गडी. पळपुट्याचा बा म्हून चावडीवर कुनी शेजारी बसंना. आपला बिल्ला नदीत टाकून आला, आन् पुन्यांदा ताटावर बसला न्हाई.

आकाराम : मारा मला. उद्या साताऱ्याला हपिसात लिवून देतो, जेल झाली तर हू दे. तुमच्या चावडीवर वरडून सांगतो. पर कायतरी बोला! डोळं मिटलं की त्यो पाय वढतूय. जीव द्यायला बी गेलो, त्ये बी जमलं न्हाई.

मनुबाई : खोटं हाय म्हन.

आकाराम : आई...

मनुबाई : म्हन की! एक डाव बोललास, आनिक एक डाव बोल. रंगूनला हाय म्हन, दुसरी बायकू केलीया म्हन. थुकू दे लोकास्नी माज्या तोंडावर!

आकाराम : तीन वर्सं खोटंच बोललो. आता जीभ वळत न्हाई.

मनुबाई : तू मोकळा व्हायला आलास. आन् माजं लेकरू आज मेलं.

(मनुबाईची सून अंजना डोक्यावर गवताचा भारा घेऊन दारात येते.)

अंजना : आत्ती, कोन पावनं? फौजी दिसत्यात. त्येंचं कायतरी कळलं व्हय?

आकाराम : येतो मी, आई. वैनीस्नी तुमीच सांगा. काय वाटंल त्ये सांगा.

मनुबाई : आता बी पळतूस? बस खाली.

अंजना : आत्ती, काय झालं? रडताय का?

मनुबाई : भारा उतरीव, पोरी. हितं माज्याजवळ बस. तुजा हात दे हिकडं. सांग रं, आकाराम. हळू सांग.