विलासदादाचं नम्र उत्तर

आमच्या कोडिंगच्या ग्रुपवर आता कोणी शिवी देत नाही आणि कोणी उत्तरही देत नाही, बघ!

आधी असं नव्हतं. आमच्यात मोहोपाड्याचा विलासदादा आहे. कारखान्यातली शिफ्ट सुटली की तो ग्रुपवर हजर. मी प्रश्न टाकला की आधी, "डुकरा, डोकं घरी ठेवून आलास काय रं?" आणि लगेच त्याचा फोन. मग कोड चालेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

मागे कुंभिवलीची एक नवी मुलगी आली. तिच्या पहिल्याच प्रश्नावर दादानं लिहिलं, "गाढवे, लाल अक्षरात काय चुकलंय ते लिवलंय, वाच की गं!"

तिनं लिहिलं, "माझा बापपण माझ्याशी असं बोलत नाय," आणि ग्रुप सोडला. तिचं तरी काय चुकलं? आम्ही सगळ्यांनी दादाला सांगितलं, जरा सांभाळून बोल. तो म्हणाला, "बरं."

परवा मी एका गिऱ्हाइकाला बनवून दिलेलं ॲप बंद पडलं. गिऱ्हाईक सारखं फोन करतंय. ग्रुपवर विचारलं, तर चौघांनी नुसते जोडलेले हात पाठवले. शेवटी दादाचं आलं, "नमस्कार सर. कृपया मदतीचं पान वाचावं. शुभेच्छा."

मीच फोन लावला. म्हटलं, "दादा, मी हाय! हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण असं नको बोलूस."

दादा म्हणाला, "त्या पोरीला फोन लावणारच होतो रं. शिवीच्या मागनं फोन येतो, हे तिला कुठं ठाऊक होतं?"