अकरा अक्षरं

सरिता: ए… नाई, नाई. आ. पाहा बाबा, पुन्हा चुकली मी.

चंद्रभान: तीन खेप चुकली. पुलगावच्या पोट्ट्यायले इंग्रजी शिकवते तू. तुलेच जमत नाई त मंग कसं होईन?

सरिता: त्याच्यानंच तर जमत नाई. बारा वर्षं झाले, ए-बी-सी म्हणून राह्यली. घाई झाली का तोंडातून ए च निघते. आणि तिकडं स्पॅनिशमध्ये ए म्हटलं का ती दवाखान्यातली बाई भलतंच अक्षर लिहिते.

चंद्रभान: कालच्या फोनवर काय म्हने थे सांग बरं.

सरिता: किती वेळा सांगू?

चंद्रभान: सांग. माह्या डोक्यात बसत नाई.

सरिता: ती म्हणे, आपेयीदो. म्हणजे आडनाव. मग म्हणे, एक एक अक्षर सांगा. मी इंग्रजीत धोटे सांगितलं. तिनं कागद चाळले आणि म्हणे, नो आय. असा माणूस इथं नाई. आणि फोन ठेवून दिला.

चंद्रभान: नाई कसा? आपल्या वैभवच्या जहाजावर आग लागली, सहा जनायले त्याच दवाखान्यात नेलं, हे कंपनीवालाच सांगे ना?

सरिता: सहा नेले, दोन गेले. कोणते दोन, ते सांगत नाई. आता तर फोनही उचलत नाई तो. एम्बसीले तीन मेल केले, चौकशी चालू हाय म्हणतात. मोबाइलच्या मशिनीकडून स्पॅनिश बोलवलं, तर मशिनीचा आवाज ऐकून बाई फोनच कापते.

चंद्रभान: नऊ दिवस झाले, सरिता. सकाळी वांग्याले पानी सोडलं आन् बंद करायचंच इसरलो. अर्धं वावर चिखल झालं. कोनी हाक मारली त वाटते, आता सांगतेच हा. मी येडा होईन बाई असा.

सरिता: आईनं आजही चहा नाई घेतला.

चंद्रभान: नाई घ्यायची थे. पोराची खबर येईस्तोवर चहा सोडला म्हने देवापुढं. दिवसाचे चार कप लागे तिले. डोकं बांधून पडून राह्यते, पन कपाले हात नाई लावत. किती वाजले?

सरिता: पावणेसहा. आपल्या संध्याकाळच्या साडेसहाले तिकडं इक्वाडोरात सकाळचे आठ वाजतात. तेव्हा ऑफिस उघडते.

चंद्रभान: मंग शिकव मलेही. बसून काय करू?

सरिता: तुम्ही कायले शिकता?

चंद्रभान: तू चुकली त मी सांगीन. मले इंग्रजी येतच नाई, त आडवी कशी येईन?

सरिता: हे मात्र खरं हाय. या व्हिडिओतली बाई पहिलंच सांगते, इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजी बाजूले ठेवा. आ, ए, ई, ओ, ऊ. आपल्या बाराखडीसारखंच, लिहिलं ते बोला. मग बी ले बे, डी ले दे, टी ले ते. एच ले आचे.

चंद्रभान: बे, दे, ते. आचे.

सरिता: जे ले होता.

चंद्रभान: थे अक्षर आपल्या नावात हाय काय?

सरिता: नाई.

चंद्रभान: मंग राहू दे.

सरिता: बरं. धोटे म्हणा. दे, आचे, ओ, ते, ए.

चंद्रभान: दे, आचे, ओ, ते, ए. आन् वहीत हे खाली लाल पेनानं काय लिहिलं?

सरिता: ते आपल्याले ऐकायचं हाय. कामा म्हणजे खाट. कामा म्हणून नंबर सांगितला, तर वैभव तिथं खाटेवर हाय. आणि लो सिएन्तो म्हटलं, तर…

चंद्रभान: त्याचा अर्थ सांगू नको. समजला मले.

सरिता: बाबा, पाणी प्या थोडं.

चंद्रभान: पानी राहू दे. मले एक सांग. समज, काल तिले धोटे बरोबर ऐकू आलं. तरी नाई म्हने, त?

सरिता: असं बोलू नका.

चंद्रभान: बोलाच लागते. तिकडचे लोक नाव लिहितात कसं? आपल्यावानीच, आडनाव शेवटी?

सरिता: थांबा, व्हिडिओत होतं ते. आधी स्वतःचं नाव. मग बापाकडचं आडनाव. त्याच्यानंतर आईकडचं. आणि शोधायचं असलं तर बापाकडचंच पाहतात.

चंद्रभान: म्हंजे मधलं. जहाजाच्या यादीत आपल्या पोराचं नाव कसं होतं?

सरिता: वैभव चंद्रभान धोटे.

चंद्रभान: मंग त्यायनं माह्याच नावावर मांडला असंन त्याले. धोटे त्यायले मायकडचं वाटलं असंन.

सरिता: बाबा, आपण काल चुकीच्याच नावानं शोधलं.

चंद्रभान: लिही लवकर. माहं नाव लिही.

सरिता: से, आचे, आ, एने, दे, एर्रे, आ, बे, आचे, आ, एने. अकरा अक्षरं झाली. बाबा, फोनवर माझी घाई होते. मी ए म्हणून टाकीन कुठंतरी. तुम्हीच सांगा तिले.

चंद्रभान: मी? ती काय म्हनते थे ऐकायची हिंमत नाई माह्यात.

सरिता: ऐकते मी. तुम्ही फक्त नाव सांगा. तुमचंच तर हाय.

(साडेसहा वाजले आहेत. फोन स्पीकरवर आहे. चंद्रभानच्या हातात वहीचा कागद.)

फोन: बुएनोस दियास. आपेयीदो?

चंद्रभान: से. आचे. आ. एने.

फोन: सी.

चंद्रभान: दे. एर्रे. आ.

सरिता: सी म्हणजे हो. आता बे.

चंद्रभान: माहीत हाय. बे. आचे. आ. एने.

फोन: चांद्राबान… वाईबाव?

सरिता: सी, सी. वैभव.

फोन: उन मोमेन्तो.

चंद्रभान: काय म्हने?

सरिता: थांबा म्हणे. पाहून राह्यली.

चंद्रभान: एवढा वेळ कायले लागते?

सरिता: बाबा, हात सोडा माझा. दुखते.

चंद्रभान: नाई सोडत.

फोन: कामा सेइस. एस्ता ग्रावे, सेन्योर.

चंद्रभान: कामा म्हने ना? सरिता, कामाच म्हने ना?

सरिता: हो. सहा नंबरची खाट. पण ग्रावेही म्हणे, बाबा. सिरियस हाय तो.

चंद्रभान: सिरियस हाय म्हंजे हाय.

सरिता: हो. हाय.

चंद्रभान: रडू नको, फोन ठेवून देईन थे. डॉक्टर कवा भेटते, इचार. मी तुह्या मायले आवाज देतो.

सरिता: काय सांगता तिले? सिरियस हाय म्हणून सांगता?

चंद्रभान: चहा ठेव म्हनतो.